प्रश्न तुमचे : शाळेचा वार्षिक अंक

गणपती उठले की इंदूरच्या शाळांमध्ये वार्षिक अंकाची जुळवाजुळव सुरू होते. या खेपेला आलेली बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत. काही पत्रं आम्ही थोडक्यात दिली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि संपादक मंडळात आहे. क्रीडामहोत्सवाचा वृत्तान्त लिहिला, तर बाई म्हणाल्या, ‘हा निबंध झाला.’ माझी सुरुवात अशी आहे : ‘प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या शाळेचा क्रीडामहोत्सव मोठ्या उत्साहात पार पडला. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले. विद्यार्थ्यांनी विविध स्पर्धांमध्ये हिरिरीने भाग घेतला.’ काय चुकलं? (एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर)

भाषा चुकलेली नाही, माहितीच नाही. या तीन वाक्यांवर दुसऱ्या शाळेचं नाव आणि दुसरं साल टाकलं तरी ती जशीच्या तशी चालतील. ‘मोठ्या उत्साहात’, ‘मान्यवर’, ‘विविध’, ‘हिरिरीने’ हे चार शब्द पेन्सिलीने खोडून पाहा. क्रीडामहोत्सव झाला, दिवा लावला आणि मुलं खेळली, एवढंच मागे उरतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग टेबलापाशी बसून शब्द बदलत राहू नका, वही घेऊन उठा. खेळाच्या सरांकडे गुणपत्रकं असतील, ती आधी उतरवून घ्या. दोन्ही संघांच्या कर्णधारांना वेगवेगळं गाठा. निर्णायक क्षणी मैदानात असलेल्या खेळाडूला विचारा : त्या वेळी काय दिसत होतं, कोण काय ओरडलं, आदल्या आठवड्यात सराव किती वाजता व्हायचा? हरलेल्या संघाला विचारायला लाजू नका, सामना का फिरला हे बरेचदा तेच नीट सांगतात. एवढं जमलं की सुरुवात आपोआप बदलते. नमुन्यादाखल, तपशील कल्पित आहेत :

‘खो-खोच्या शेवटच्या डावाची दीड मिनिटं उरली होती. नववी ‘अ’ची शेवटची तुकडी मैदानात होती आणि बरोबरीसाठी दहावी ‘ब’ला एकच गडी हवा होता. तो गडी म्हणजे संघातली सगळ्यांत बुटकी मुलगी, आणि तिच्या डाव्या पायात बूट नव्हता.’

यात एकही विशेषण उत्साहाचं नाही. वाचणारा मात्र पुढचं वाक्य वाचणारच.

वर्तमानपत्राची रीत इथे अर्धीच लागू पडते. बातमीत सर्वांत महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली जातं, म्हणून त्या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो आणि घाईतल्या वाचकाला पहिल्या दोन ओळींत निकाल कळतो. वार्षिक अंक हातात पडतो तेव्हा निकाल जुना झालेला असतो. कोण जिंकलं हे सगळ्यांना माहीत असतं, कसं आणि का जिंकलं ते नसतं. म्हणून निकाल, गुण आणि विजेत्यांची नावं एका चौकटीत द्या. लेखाचा पहिला परिच्छेद प्रसंगाला, दुसरा कोण-कुठे-कधी-किती याला. त्यापुढे एक अवतरण, त्याला जोडून एक माहितीचा परिच्छेद, पुन्हा अवतरण. सगळं मिळून ३०० ते ३५० शब्द.

वृत्तान्तात ‘आम्ही’ नको. ‘सामना अप्रतिम झाला’ हे तुमचं मत, ते छापू नका. तेच पंच म्हणाले असतील तर त्यांच्या नावाने छापा. आणि ‘सर्वांचे आभार’ मानून लेख संपवू नका, आभारप्रदर्शन कार्यक्रमात होऊन गेलेलं असतं.

प्रश्न : शाळेच्या शिपाईमामांची मुलाखत घेतली. ‘इथे काम करताना कसं वाटतं?’ विचारलं, ते म्हणाले, ‘अच्छा लगता है।’ पुढे काहीच सुचेना. शिवाय ते हिंदीत बोलतात आणि अंक मराठी आहे. (नववीतला विद्यार्थी, सुदामानगर)

‘कसं वाटतं’ या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे आणि ते तुम्हाला मिळालं. कामाबद्दल विचारा. सकाळी फाटक उघडल्यावर पहिलं काम कोणतं? जुडग्यात किल्ल्या किती, आणि वर्षातून एकदाच लागते ती कुठली? पहिला पाऊस आला की कुठल्या वर्गात बादली ठेवावी लागते? सुट्टीच्या दिवशी शाळेत कोण येतं? अशा प्रश्नांना ‘छान’ म्हणून उत्तर देता येत नाही.

आठ-दहा प्रश्न लिहून न्या, पण उत्तरातून नवा प्रश्न निघाला तर यादी बाजूला ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, मात्र ती मधल्या सुट्टीत घेऊ नका, त्यांचं लक्ष फाटकाकडे असतं. रेकॉर्डिंग विचारून करा आणि तरी वहीत लिहीत राहा, कारण मागे घंटा वाजली की नेमकं तेच वाक्य ऐकू येत नाही. हुबेहूब शब्द लिहिले त्या ओळीच्या समासात अवतरणचिन्ह काढून ठेवा, म्हणजे त्यांचे शब्द कोणते आणि तुमचा सारांश कोणता, हे आठवड्यानेही कळेल. उतरवून काढायचं काम त्याच दिवशी.

हिंदीची काळजी सोडा. इंदूरच्या वाचकाला भाषांतर कशाला हवं? नेमकी दोन-तीन वाक्यं हिंदीतच ठेवा, बाकीचं मराठीत ‘त्यांनी सांगितलं की’ अशा रूपात. ‘भिया, छत पे किसको जाने देता हूँ मैं?’ यात त्यांचा आवाज आहे. ‘बंधो, गच्चीवर मी कोणाला जाऊ देतो?’ असं केलं की तो गेला. वाक्य फार लांबलं किंवा अर्धवट राहिलं, तर अवतरणाच्या आत दुरुस्ती करू नका. अवतरणचिन्हं काढून टाका आणि आशय तुमच्या शब्दांत सांगा. छापण्यापूर्वी त्यांची वाक्यं त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचं पूर्ण नाव ते जसं सांगतील तसं लिहा. अंकात निदान एका पानावर त्यांना नाव-आडनावानं ओळखलं जाईल.

प्रश्न : आमचा अंक त्रैभाषिक आहे. छापखान्यातले टंकलेखक हिंदीभाषी आहेत. मराठी विभागात दरवर्षी चुका राहतात, मुलांची आडनावं बिघडतात, पालक तक्रार करतात. प्रूफ तीनदा वाचूनही हे होतं. (एक शिक्षिका, स्नेहलतागंज)

तीनदा वाचूनही होतं, कारण तिन्ही वेळा वाचक तोच आणि पद्धतही तीच. शिवाय या चुका अंदाधुंद नसतात. हिंदीच्या सवयीचा हात ठरावीक ठिकाणी ठरावीकच चूक करतो, म्हणून त्या शोधूनही काढता येतात.

पहिली ‘ळ’ची. ‘वेळ’चं ‘वेल’, ‘काळ’चं ‘काल’, ‘मूळ’चं ‘मूल’ होतं. त्यातला धोका असा की चुकलेला शब्दही मराठीत अर्थपूर्ण असतो, त्यामुळे डोळा त्यावर अडत नाही. दुसरी ‘ऱ्य’ची : ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हिंदीत हे जोडाक्षर नाही, तेव्हा हात रफारच देणार. युनिकोडमध्ये आधी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करावं लागतं, हे टंकलेखकाला लिहूनच द्या. तिसरी खालच्या टिंबाची. हिंदीत ‘गाड़ी’, ‘घोड़ा’, ‘पढ़ाई’ लिहितात, मराठीत तो नुक्ता नाही, पण ‘गाडगीळ’चं ‘गाड़गिल’ मात्र होतं. चौथी ‘की’ची : हिंदीत ‘कि’ आणि ‘की’ दोन्ही आहेत, मराठीत उभयान्वयी अव्यय फक्त दीर्घ ‘की’. आणि पाचवी, पूर्णविरामाऐवजी उभा दंड.

मजकूर युनिकोडमध्ये असेल तर ड़, ढ़, सुटा ‘कि’ आणि ‘।’ हे संगणकावर शोधून काढता येतात. हिंदीतली अवतरणं मात्र वगळा. ‘र्य’ही शोधा, पण एकेक पाहून बदला. सरसकट बदल केला तर ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांची वाट लागेल. ‘ळ’ला असा उपाय नाही, तो डोळ्यांनीच. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून कृतिदेव हा युनिकोडपूर्वीचा जुना फॉन्ट चालतो. त्यात अक्षरं रोमन कळांच्या रूपात साठवलेली असतात, त्यामुळे देवनागरी शब्द टाकून शोध लागत नाही. रूपान्तर करून घेतलं की ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर सरकतात. तेव्हा मजकूर शाळेतच युनिकोडमध्ये टाइप करून द्यावा आणि छापखान्याला युनिकोड फॉन्टमध्येच पानं लावायला सांगावं. हे काम हातात देण्यापूर्वीच ठरवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

आडनावांचं मूळ छापखान्यात नाही, हजेरीपटात आहे. हजेरीपट हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. त्यात काळे ‘काले’ होतात आणि मुळे ‘मुले’. म्हणून वर्गवार यादी छापून मुलांसमोर ठेवा आणि प्रत्येकाला आपलं नाव मराठीत स्वतःच्या हाताने लिहून सही करायला लावा. एका वर्गाला एक मधली सुट्टी लागते. पुढे अंकातलं प्रत्येक नाव याच यादीशी ताडायचं, आठवणीने नव्हे. आणि हो, कुणी ‘तिलक’ लिहिलं आणि तसंच हवं म्हणालं, तर ‘टिळक’ करू नका. नाव ज्याचं त्याचं.

आता वाचनाची पद्धत. पहिलं प्रूफ दोघांनी वाचायचं : एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून पाहायचं. लेख ज्याचा, त्याने तो वाचायचा नाही. त्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. दुसऱ्या प्रूफात फक्त दुरुस्त्या झाल्या का ते पाहा, पण वरची-खालची ओळही वाचा, कारण एक शब्द वाढला की ओळ सरकते आणि शेवटचा शब्द गायब होतो. तिसऱ्यात मजकूर वाचूच नका. शीर्षकं, फोटोओळी, पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका एवढंच पाहा. सर्वांत मोठ्या चुका सर्वांत मोठ्या अक्षरांत राहतात, कारण एवढं मोठं अक्षर चुकलेलं असेल असं कुणाला वाटतच नाही. छपाईच्या प्रतीवर शेवटी एकाच व्यक्तीची सही आणि तारीख.

‘केले’ की ‘केलं’, ‘१२ वी’ की ‘बारावी’ हे काम सुरू करण्यापूर्वी एका पानावर लिहून सगळ्यांना द्या. दोन्ही चालतं, एकाच अंकात दोन्ही चालत नाही.

प्रश्न : सुरुवातीची बारा पृष्ठं शुभेच्छासंदेशांना जातात. काय करावं? (एक शिक्षक, विजयनगर)

प्रत्येक संदेश ६० शब्दांचा मागवा आणि मागवतानाच मर्यादा लिहून द्या. एका पृष्ठावर चार बसतात. फोटो आणि लेटरहेड दोन्ही छापायची गरज नाही.

प्रश्न : आम्हाला बारावीच्या निरोपसमारंभातले फिशपाँड छापायचे आहेत. मुख्याध्यापक नको म्हणतात. फिशपाँड नाहीत तर अंकाला मजा काय? (बारावीचे विद्यार्थी, नंदानगर)

सभागृहातला फिशपाँड हशा झाला की विरून जातो आणि ज्याच्यावर टाकला त्याला तिथल्या तिथे परतवताही येतो. छापलेला राहतो. तो आजी वाचते, पुढे केव्हातरी त्याची मुलंही वाचतील. रंग, जात, वजन, तोतरेपणा, मार्क आणि कोण कुणाबरोबर फिरतं, हे विषय सरळ बाद. बाकीच्यांसाठी एकच नियम ठेवा : ज्याच्यावर आहे त्याला एकट्याला गाठून ओळ दाखवायची आणि त्याची सही घ्यायची. चारचौघांत विचारलं तर कुणीही ‘चालेल’च म्हणतो.

यापेक्षा मजा आणणारी गोष्ट म्हणजे नेमका तपशील. वर्गातला कुठला बाक डगमगतो, कुठल्या सरांचं कुठलं वाक्य तासाला किती वेळा येतं (मोजा आणि सरांनाही विचारा), पोह्यांवर शेव जास्त मिळावी म्हणून कँटीनमध्ये काय युक्त्या चालतात. याला परवानगीची भांडणं लागत नाहीत. पत्ते, मोबाइल क्रमांक आणि जन्मतारखा मात्र छापू नका, पूर्वी छापत असत म्हणूनही नको.

प्रश्न : ६४ पृष्ठांचा अंक आहे. स्नेहसंमेलन डिसेंबरअखेर असतं, बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत. अंक वेळेवर कधीच येत नाही. फोटोही पुसट छापले जातात. (एक संपादक-शिक्षक, तिलकनगर)

मागून मोजा. दहावी-बारावीच्या हातात अंक जानेवारीच्या शेवटी द्यायचा तर छपाई-बांधणीला दोन आठवडे, प्रूफांना दोन आणि पानं लावायला तीन आठवडे धरा. म्हणजे मजकूर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद. दिवाळीच्या सुट्टीवर विसंबू नका, त्या सुट्टीत कुणी लिहीत नाही.

मग संमेलनाचं काय? इथे फर्म्यांचं गणित उपयोगी पडतं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पृष्ठं. ६४ पृष्ठं म्हणजे सोळा-सोळाचे चार फर्मे. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या अंकात ते एकात एक बसतात. सर्वांत बाहेरच्या फर्म्यात १ ते ८ आणि ५७ ते ६४ ही पृष्ठं येतात, सर्वांत आतल्यात २५ ते ४०. बहुतेक शाळा संमेलन ‘शेवटी’ टाकतात आणि त्यासाठी बाहेरचा फर्मा, म्हणजे अंकाची सुरुवातसुद्धा, अडकून पडते. संमेलन २५ ते ४० या मधल्या पृष्ठांत घ्या आणि बाकीचे तीन फर्मे आधी छापून होऊ द्या. रंगीत पृष्ठंही याच फर्म्यात ठेवा. सोळा रंगीत पृष्ठं अंकभर विखुरली तर चारही फर्मे चार रंगांत छापावे लागतात आणि बिल तसंच येतं.

६४च्या वर पृष्ठं गेली तर सेंटर पिन टाळा. आतली पानं बाहेर सरकतात, कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते आणि कडेचे पृष्ठक्रमांक तुटतात. तिथे गोंदाची परफेक्ट बाइंडिंग घ्या आणि शिवणीकडचा समास २० मिलिमीटर सोडा, नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात. ए-फोर पृष्ठावर १२ पॉइंटमध्ये साधारण ४०० शब्द बसतात, एक फोटो असेल तर ३००. लेख मागवताना हाच आकडा सांगा.

फोटो पुसट येतात ते बहुधा व्हॉट्सॲपमुळे. तिथे फोटो लहान होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे सहा इंच रुंद फोटोला किमान १८०० पिक्सेल. कमी असतील तर फोटो लहान छापा, ताणू नका. चाळीस मुलांचा गटफोटो अर्ध्या पानात घातला तर एकही चेहरा ओळखू येत नाही, प्रत्येक चेहरा निदान नखाएवढा हवा. नावं फोटो काढल्याबरोबर, रांगा मोडण्याआधी लिहून घ्या : ‘बसलेले, डावीकडून’. फोटोओळीत दिसतं तेच सांगू नका. ‘विद्यार्थी नृत्य करताना’ हे दिसतंच आहे. कुठलं नृत्य, कुणी बसवलं, पायाला लागलेली मुलगी कोणती, ते लिहा.

वर्गवार नावांच्या यादीपुढे पृष्ठक्रमांक टिपत चला. गटफोटो धरून प्रत्येक मूल तीनदा यावं असा प्रयत्न करा. यादी नसेल तर संपादक मंडळाचे मित्रच दहा वेळा दिसतात.

प्रश्न : शाळेच्या इतिहासावर लेख लिहितो आहोत. माजी विद्यार्थी खूप आठवणी सांगतात. सगळ्या छापाव्यात का? (संपादक मंडळ, लोकमान्यनगर)

आठवण छापा, पण तारीख तपासून. समजा कुणी सांगितलं, ‘१९४३ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा आम्ही मुलं रांगेत उभी होतो.’ गांधीजी इंदूरला हिंदी साहित्य संमेलनासाठी आले ते १९१८ आणि १९३५ साली. १९४३ मध्ये ते पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. म्हणजे आठवण खोटीच असं नाही, साल चुकलं असेल किंवा ती वडिलांची असेल. पुन्हा जाऊन विचारा : तेव्हा तुम्ही कितवीत होता? इयत्तेवरून साल बरंच अचूक निघतं.

तसंच ‘१९५० मध्ये मध्य प्रदेश सरकारने शाळेला जागा दिली’ हे वाक्य. १९४८ ते १९५६ इंदूर मध्य भारतात होतं. मध्य प्रदेश नावाचं राज्य १९५० साली होतं, पण त्याची राजधानी नागपूर होती. आजचं मध्य प्रदेश १ नोव्हेंबर १९५६चं. आजोबा होळकर संघातून रणजी जिंकले असं कुणी म्हणालं तर वर्षं जुळतात का पाहा : होळकरांनी करंडक १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या हंगामांत जिंकला. शाळेचे जुने प्रवेश-रजिस्टर, सभांची इतिवृत्तं आणि आधीचे अंक पहिल्यांदा उघडा, फोनवरच्या मजकुरावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : आलेल्या कवितांपैकी निम्म्या इंटरनेटवरून उतरवलेल्या वाटतात. ओळखायचं कसं? (एक शिक्षिका, परदेशीपुरा)

कवितेतली एक सलग ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. नाही सापडली तर मुलाला बोलावून तीन प्रश्न विचारा : हा शब्द का घेतला, आधी काय लिहिलं होतं, कच्चा कागद आहे का? स्वतः लिहिणाऱ्याकडे खाडाखोड असते. दुसऱ्याची कविता आवडली म्हणून छापायची तर कवीचं नाव देऊनही परवानगी लागते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

प्रश्न : अंक छापून आला आणि एका प्रथम क्रमांकाच्या मुलीचं नाव चुकलं आहे. वाटप थांबवावं का? (एक मुख्याध्यापिका, रामबाग)

दोन दिवस थांबवा. सुटं शुद्धिपत्र घालू नका, ते पहिल्याच दिवशी गळून पडतं. त्याच फॉन्टमध्ये, त्याच आकारात बरोबर नाव स्टिकर पेपरवर छापून घ्या, ओळीच्या उंचीइतकं कापा आणि चुकलेल्या नावावर चिकटवा. कागद अपारदर्शक घ्या, नाहीतर खालचं नाव दिसत राहतं. संपादक मंडळाची दहा मुलं बसली तर पाचशे प्रती एका दुपारी होतात. मुलीला आणि तिच्या घरी आधी सांगा आणि तिला पहिली दुरुस्त प्रत द्या. पीडीएफ पाठवणार असाल तर त्यातही दुरुस्ती करून घ्या, कारण पुढच्या वर्षीची मुलं नाव त्यातूनच उचलतील.